झुंबरचा कुंचा आणि आबासाहेबांची मोटार

बारामतीत मोटारी धुणारे तेव्हा दोन-चार जण होते, पण मोटारीच्या पोटात शिरणारा एकटा झुंबर. निरवांगीचा गडी. आजा घोंगड्या विणायचा, बाप विणायचा, आणि झुंबरही मिसरूड फुटेपर्यंत मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला. एके दिवशी बाजाराला घोंगड्या घेऊन बारामतीत आला, कालव्याच्या कडेला कुणीतरी मोटार धूत होतं ती बघायला थांबला, आणि गेला की कामातून. बाहेरनं मोटार नुसती लखलखत होती. झुंबरनं वाकून आत डोकावलं, तर आत कोंबड्यांचं खुराडं बरं. उसाची चिपाडं, शेंगांची टरफलं, विड्यांची थोटकं, गादीवर बोटभर माती.

"आन् हे कोण झाडतं?" त्यानं विचारलं.

"आतलं कोण बघतंय?" धुणारा म्हणाला.

आता मला सांगा, माणूस मोटारीत आत बसतो का टपावर? एवढा साधा सवाल, पण तो झुंबरच्या डोक्यात असा घुसला की घोंगड्या तिथंच पडत्या भावानं देऊन तो घरी गेला आणि आईला म्हणाला, "आये, म्या मोटारीच्या आतल्या सफाईचा धंदा करणार." म्हाळसाबाईनं कपाळाला हात लावला. पण हा पठ्ठ्या हटतो कुठला. महिन्याभरात त्यानं कालव्याकडेच्या लिंबाखाली बादली, फडकी आणि एक केरसुणी घेऊन दुकान मांडलं. दुकान कसलं, लिंबच तो.

खरी मेख मात्र बारामतीत नव्हती, इंदापुरात होती. तिथं त्याचा लांबचा मामा सोपान हा गावच्या बड्या बागायतदाराच्या, आबासाहेबांच्या, मोटारीवर डायव्हर होता. खाकी कोट, पितळी बटणं, आणि चालणं असं की मोटार यांचीच, आबासाहेब नुसते बसायला येतात. या सोपानमामाची पोर रतन. रतनला हसू आलं की ते आवरायचं नाही, पदर तोंडात कोंबला तरी खांदे हलत राहायचे. तिचं ते हलणं एकदा जत्रेत बघितल्यापासून झुंबर निम्मा तिथंच राहिला होता. मामाची पोर म्हणजे हक्काची, असं आपल्यात म्हणतात, पण सोपानमामा हक्कबिक्क मानणारा नव्हता. माग सोडलेला आणि केर काढणारा जावई त्याच्या पितळी बटणांना शोभत नव्हता.

नवे पैसे निघाले त्या सालच्या वैशाखात सोपानमामा मोटार घेऊन लिंबाखाली आला आणि खाली उतरून नाक दाबून उभा राहिला.

"झुंबऱ्या, आबासाहेबांच्या थोरलीचं लगीन हाय," तो म्हणाला. "व्याही काटेवाडीचं. साखरपुड्याला त्यांनी दुधाची कळशी दिली, ती मोटारीत कलंडली. वास बघ."

झुंबरनं दार उघडलं आणि परत लावलं. आतल्या गादीला लोकरीचं जाड कापड होतं आणि त्यानं कळशीभर दूध पिऊन ठेवलं होतं. सोपानमामा म्हणाला की हल्ली मोटार जिथं उभी करावी तिथं गावातली मांजरं जमतात.

"लग्नाला व्याही ह्याच मोटारीतनं यायचं, सांजच्याला वरातीत नवरा-नवरी हितंच बसायची. समदं साफ करून दे. आबासाहेब खूश झालं तर लग्नाच्या दिशी सांजचंच सुपारी फोडतो, रतन तुजी. न्हाय झालं, तर तुजा माग हाय आन् तू हाईस. पुढल्या आठवड्यात मोटार आणून लावतो."

मामा गेला आणि झुंबर लिंबाभोवती गरागरा फिरला. हसावं का रडावं कळेना, म्हणून त्यानं बादलीतलं पाणी डोक्यावर ओतून घेतलं. मग बसला विचार करत. वास काढायचा, माती काढायची, कापडाला ओरखडा उठता कामा नये. केरसुणीनं काय होतं? या कोपऱ्यातली माती त्या कोपऱ्यात. फडक्यानं काय होतं? मातीचा चिखल. हत्यार पाहिजे, पण कुठलं?

सगळ्यात आधी तो भिमा लोहाराकडे गेला आणि त्याचा भाता मागून आणला. म्हटलं, आत तोंड लावून भाता दाबला की एका फुंकरीत सगळं बाहेर. हे गणित बरोबर होतं. पाटसच्या एका टॅक्सीवाल्याच्या मोटारीत त्यानं भाता घातला आणि जोर लावून दाबला. माती झाडून सगळी बाहेर आली, फक्त समोरच्या दारातून आली आणि समोरच्या दारात टॅक्सीवाला उभा होता. तो बिचारा नवा सदरा घालून पुण्याला निघाला होता. भाता त्याच दिवशी परत गेला.

मग टांगेवाल्याचा खरारा आणला. घोड्याची पाठ चकचकीत होते, तर गादी का होणार नाही? पण घोडा हलतो, झटकतो, सांगतो तरी की बाबा पुरे. गादी सांगत नाही. मोडीत निघालेल्या एका जुन्या गादीवर त्यानं खरारा मारून बघितला आणि दोन हातांतच तिच्या पोटातला काथ्या बाहेर आला. मोडीतली होती म्हणून निभावलं.

तेवढ्यात कुणीतरी सांगितलं की वालचंदनगरात एका साहेबाच्या बंगल्यावर धूळ ओढून घेणारं यंत्र आहे. झालं, झुंबर सायकल हाणत वालचंदनगरात. तिथं धुण्याभांड्याला द्वारकाबाई होत्या, निरवांगीच्याच. साहेब कारखान्यात गेल्यावर त्यांनी त्याला मागल्या दारानं घेतलं आणि यंत्र दाखवलं. हंड्याएवढं पोट, त्याला अजगरासारखी नळी. द्वारकाबाईंनी खटका दाबला तसं ते असं घोंगावलं की झुंबर दोन पावलं मागं सरला. पण फेट्याचा शेमला पुढं राहिला. यंत्रानं शेमल्यापासून सुरुवात केली आणि बघता बघता फेटा उलगडत नळीत निघाला. झुंबर फेट्याबरोबर गोल गोल फिरतोय, द्वारकाबाई खटका शोधताहेत, आणि यंत्र आनंदानं गुरगुरतंय. फेटा सुटला तेव्हा तो कधी नव्हे इतका स्वच्छ निघाला होता, हे मात्र कबूल केलं पाहिजे. झुंबर यंत्रावर लट्टू झाला. फक्त त्याला वीज लागते असं कळलं आणि लिंबाला वीज कुठली असायची? तो सायकल ढकलत परत निघाला.

वाटेत निरवांगी. घरी टेकला, भाकरी खाल्ली आणि बसल्या बसल्या भिंतीकडे बघत राहिला. मागाच्या शेजारी खुंटीला कुंचा लटकत होता. कुंचा म्हणजे बारीक मुळ्यांचा, आवळून बांधलेला हातभर लांबीचा ब्रश. लोकरीच्या ताण्यावर, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांवर, खळ द्यायला आमच्याकडे तो पिढ्यान् पिढ्या वापरतात. लोकरीचा धागा तुटू देत नाही आणि धाग्यातली घाण राहू देत नाही. झुंबर ताडकन उठला. लोहाराकडे गेलो, टांगेवाल्याकडे गेलो, साहेबाच्या बंगल्यावर फेटा उलगडून आलो, आणि हत्यार आपल्याच भिंतीवर. त्यानं आईला उचलून गरकन फिरवलं. म्हाळसाबाई म्हणाली, "मेल्या, ठेव खाली, म्हातारीचं हाड मोडंल."

कुंचा घेऊन तो निघाला तेव्हा आईनं एक झाकलेलं मडकंही हातात दिलं. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून शिजवलेली चिकट लापशी, तीच खळ. "लोकरीचं काम हाय न्हवं? मग खळ लागंलच," ती म्हणाली. झुंबर म्हणाला, "व्हय, लागंलच." दोघांनाही त्यात वावगं काही वाटलं नाही. घोंगडीला खळ दिली नाही तर ती कसली घोंगडी? नवी घोंगडी घडी करून उभी केली तर उभी राहिली पाहिजे, अशी आमची रीत. मऊ घोंगडी बाजारात नेली तर लोक विचारतात, कुणाची वापरलेली आणलीस.

सोपानमामानं मोटार आणून लावली आणि झुंबर कुंचा घेऊन तिच्या पोटात शिरला. रिठ्याचं कोमट पाणी, वरून कुंचा, परत पाणी, परत कुंचा. दूध निघालं, दुधाच्या खालची माती निघाली, मातीच्या खाली गादीचा मूळचा निळा रंग होता तो निघाला. वैशाखाच्या उन्हानं वास पळवला. मांजरं आली, हुंगली आणि निराश होऊन गेली. झुंबरनं गादीवर हात फिरवला. स्वच्छ, पण कशी मऊमऊ, लोळागोळा. त्याच्या हाताला ते पटेना. हातात कुंचा होता, शेजारी मडकं होतं. जेवल्यावर हात धुताना माणूस कधी विचार करतो का? तसंच झालं. मागची गादी, पुढची गादी, दोन्हींच्या पाठी, सगळ्यांना त्यानं छान एकसारखी खळ दिली आणि उन्हात वाळवली.

सोपानमामा मोटार न्यायला आला तेव्हा त्यानं गादीवर बोटानं टकटक केलं. त्याचे वाडवडील मेंढरांमागं गेलेले, घोंगडी त्याला कुणी शिकवायला नको. "आता कसं. खडखडीत झालंय," तो म्हणाला आणि पहिल्यांदाच झुंबरच्या पाठीवर थाप मारली. गादी मळू नये म्हणून पोतं टाकून त्यावर बसून त्यानं मोटार इंदापूरला नेली. आबासाहेबांनी वास घेतला, रंग बघितला, खूश झाले. बसले मात्र नाहीत. या गादीवर पहिला मान व्याह्यांचा, म्हणाले.

लग्नाच्या दिवशी सकाळी झुंबर एस.टी.नं इंदापुरात हजर. खांद्यावर आईनं आहेरासाठी दिलेली नवी घोंगडी, डोक्यावर तोच यंत्रातनं साफ होऊन निघालेला फेटा. बायकांच्या घोळक्यात रतन उभी होती. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि तिचे खांदे हलले. झुंबरला वाटलं, आता सुपारी काय, नारळही फुटला.

काटेवाडीहून व्याही, म्हणजे रावजीतात्या, मोटारीतून निघाले होते. मानाची फेरी म्हणून सोपानमामानंही आपल्या गादीवरचं पोतं आज काढून टाकलं होतं. डोळ्यांत भरेल असं नवंकोरं धोतर. धूळ नको म्हणून काचा बंद, वर वैशाखाचं ऊन, आत तात्या घामाघूम. वऱ्हाडाचा ट्रक आधीच सुटला होता, तो मोटारीच्या आधी मारुतीपुढं पोचला. वाजंत्र्यांना वाटलं व्याही त्यातच आहेत. हलगी-सनई अशी कडाडली की विचारू नका. ट्रकमधून वऱ्हाडी उतरले, वाजंत्री दमली, पाणी प्यायला बसली, आणि नेमकी तेव्हा मोटार आली.

झालं. तात्या रुसले. व्याही रुसणं ही काही नवी गोष्ट नाही, लग्नात कुणी रुसलं नाही तर जेवण पचत नाही. पण तात्यांनी काच खाली केली आणि म्हणाले, "ट्रकाला वाजवता आन् आमाला पाणी पीत बघता व्हय? म्या उतरणार न्हाय." मोटार वडाच्या गार सावलीत, वारं सुटलेलं. तात्या पंचा झटकत बसून राहिले.

आबासाहेब धावत आले, हात जोडले, वाजंत्र्यांना उठवलं, दुप्पट वाजवायला लावलं. तात्यांचं मन भरलं. एवढंच त्यांना हवं होतं. त्यांनी दाराला हात घातला, थोडे उठले, आणि खाली बसले.

"अजून काय राहिलं, तात्या?" आबासाहेबांनी विचारलं.

"काय न्हाय," तात्या म्हणाले. पण ते असे म्हणाले की सगळ्यांना कळलं, काहीतरी मोठं राहिलंय.

आबासाहेबांनी जरीचा फेटा मागवला. तात्यांनी तो बांधून घेतला, परत उठायला गेले, परत बसले. आबासाहेबांनी आपली चांदीच्या मुठीची काठी दिली. तात्या काठी टेकून उठायला गेले, चेहरा लाल झाला, परत बसले. गर्दीत कुजबुज सुरू झाली की काटेवाडीचं माणूस लई चिवट. भटजी सूर्याकडे बघून सांगू लागले की मुहूर्त कुणासाठी थांबत नाही.

"तात्या, गोठ्यातली म्हस घ्या," आबासाहेब रडकुंडीला येऊन म्हणाले.

"मला म्हस नको."

"मग बैल?"

"अवो, बैलाचं काय करू?" तात्यांचाही आवाज रडवेला झाला होता.

झुंबर पुढंच उभा होता. तात्या चौथ्यांदा उठायला गेले तेव्हा त्यानं बघितलं, तात्यांबरोबर गादीही वर आली. त्याला उमगलं. घामानं खळ भिजली, सावलीत वाळली, आणि मध्ये तात्यांचं धोतर. ताण्यावर हे रोज होतं, धागे धाग्यांना धरतात, म्हणून तर कुंच्यानं मोकळे करायचे. इथं कुंच्यानं कोण मोकळं करणार? बोलावं तर रतन गेली. न बोलावं तर मुहूर्त गेला, आबासाहेबांची पोर मांडवात बसून राहिली. झुंबरनं सोपानमामाकडे बघितलं. मामा डायव्हरच्या जागेवर ताठ बसून समोर बघत होता, त्याची काही मदत नव्हती.

मोटारीच्या पोटात शिरणं हा शेवटी झुंबरचा धंदा. तो पलीकडच्या दारानं आत शिरला आणि तात्यांच्या कानाशी लागला. "तात्या, तुमचा रुसवा गेलाय, मला ठावं हाय. खळ लागलीया गादीला. म्याच लावली."

"लेका, मला वाटलं अंगावरनं वारंबिरं गेलं," तात्या कुजबुजले. "आता रं? उठलो तर धोतर मागं ऱ्हातंय."

"ऱ्हाऊ द्या. घोंगडी हाय."

त्यानं घोंगडी उलगडून तात्यांना गळ्यापासून पायापर्यंत लपेटलं आणि बाहेर तोंड काढून मोठ्यानं म्हणाला, "तात्यांना घोंगडीचा मान पायजे हुता. भिडंपायी बोलत नव्हतं. वाजवा."

हलगी कडाडली. त्या कडाक्यात जो टर्रकन आवाज झाला तो दोघांनीच ऐकला. तात्या घोंगडी आवळून, एका हातात चांदीची काठी घेऊन असे उतरले की लोकांनी आपोआप वाट दिली. आबासाहेब म्हणाले, "अवो, घोंगडीच पायजे हुती तर आधी बोलायचं," आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. वैशाखाच्या भर दुपारी तात्या घोंगडीत उभे राहिले, घोंगडीतच अक्षता टाकल्या, घोंगडीतच जेवले. घामाच्या धारा लागल्या तरी काढली नाही. इंदापूरवाले म्हणाले, काय माणूस आहे, मानाची काय किंमत आहे त्याला. आबासाहेबांनी चार माणसांत झुंबरचा हात धरला आणि सांगितलं की आज ह्या पोरानं माझी लाज राखली.

झुंबरचं ध्यान मात्र मोटारीतच होतं. वरात निघायची, त्याच गादीवर नवरा-नवरी बसायची, आणि गादीवर अजून व्याह्यांचं धोतर. जेवणाच्या पंगती बसल्या तसा तो आचाऱ्याकडून गरम पाण्याची किटली मागून मोटारीकडे पळाला. मागोमाग रतन. तिला बापाचं जेवणाचं पान द्यायला पाठवलं होतं, पण सोपानमामानं ते मघाशीच काचेतून आत घेतलं होतं, कारण डायव्हरनं मोटार सोडायची नसते, असं तो म्हणाला होता. आता तो टोपी डोळ्यांवर ओढून पडला होता.

रतननं मागचं दार उघडलं, धोतर बघितलं, गादीवर बोट टेकवलं, बोट हुंगलं. मेंढरवाड्यातली पोर ती, तिला काय सांगायचं?

"खळ?" तिनं विचारलं.

"खळ," झुंबर म्हणाला.

मग जे हसू सुटलं ते काही आवरेना. ती दाराला धरून खालीच बसली. म्हस नको, बैल नको, असं म्हणत तिनं डोळे पुसले आणि परत हसली. तिचं बघून झुंबरलाही हसू फुटलं, इतका वेळ दाबून ठेवलेलं. दोघांनी मिळून पाणी ओतलं, कुंच्यानं घासलं, धोतर सोडवलं, आणि मध्ये मध्ये किटली खाली ठेवून हसून घेतलं. झुंबरला आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. सुपारीचं काय होईल ते होवो, हे तरी झालं.

"कुठं खळ लावली म्हणतासा?" पुढून आवाज आला. सोपानमामाची टोपी वर गेली होती. "झुंबऱ्या, व्याही त्यापायी बसून ऱ्हायला व्हय? मालकानं म्हस काढली, बैल काढला, तुज्या त्या खळीपायी? थांब तू, आता तुला दावतोच. सुपारी न्हाय आन् काय न्हाय."

तो उठायला गेला. पुढची गादी त्याच्याबरोबर वर आली आणि त्याला घेऊन खाली बसली.

 सोपानमामानं समोर बघितलं. पितळी बटणांशी चाळा केला.

"आप्पा," रतन म्हणाली, "तुमी सकाळधरनं हितंच बसलाय ते मोटार राखायला न्हवं?"

"पाणी वत," सोपानमामा म्हणाला.

"आन् खडखडीत झालंय असं कोण म्हणालं हुतं? तुमीच न्हवं?"

"पोरी, पाणी वत."

"वतते की. आदी सुपारीचं बोला."

झुंबर घाबरला. "रतन, वत बाई. मामांना तरास नको," तो म्हणाला. रतननं किटली पाठीमागं धरली. मांडवाकडून आबासाहेबांची हाक आली, "सोपान, मोटार दारात घे. नवरा-नवरीला घेऊन म्या येतो." लोकांचा गलबला जवळ येऊ लागला. त्यात पुढं हलगी, मध्ये घोंगडीतले तात्या. सोपानमामानं त्यांच्याकडे बघितलं, आपल्या खाकी तुमानीकडे बघितलं, आणि त्याला समजलं की आपल्याला लपेटायला दुसरी घोंगडी नाही.

"दिली," तो म्हणाला. "झुंबरला दिली. चार माणसांत सांगतो. आता तरी वत."

रतननं किटली पुढं केली, पण ओतली नाही. झुंबरच्या हातात दिली.

"तुमी वता," ती म्हणाली. "तुमचं सासरं हायती."

झुंबर रतनकडेच बघत असा ओतत राहिला की निम्मं पाणी सोपानमामाच्या बुटात गेलं, आणि मामा त्याला एका शब्दानं बोलला नाही.